मदत हवी आहे: दमात पहिला, हालचालींच्या चाचणीत शेवटचा. खेळवू की थांबवू?

नमस्कार. पुरुषांच्या एका कबड्डी संघाचा सराव बघतो. एकेकाळी चढाईपटू होतो, गुडघ्याने दगा दिला तेव्हा शिट्टी हातात घेतली. या विषयातलं शिक्षण नाही, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

आमचा डावा कोपरारक्षक राज्याच्या सराव शिबिरासाठी निवडला गेलाय. वजन ७९, म्हणजे ८५ किलोच्या मर्यादेत आरामात. बीप टेस्टला (शिट्टीच्या तालावर वेग वाढवत पळायची दमाची चाचणी) सगळे बसले तरी हा पळत असतो. उत्तरार्धात समोरच्याची तिसरी चढाई आली की बाकीचे कमरेवर हात ठेवून धापा टाकतात, हा खाली वाकून घोटा शोधत असतो.

गेल्या आठवड्यात एका फिजिओने संघाची फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन घेतली. सात हालचाली, प्रत्येकीला ० ते ३ गुण, एकूण २१. याला १३! आणि राखीव कोपऱ्याला, जो दहा मिनिटांत पाणी मागतो, त्याला १७. फिजिओ म्हणाला, १४ किंवा त्याहून कमी म्हणजे दुखापत ठरलेलीच, शिबिराला पाठवूच नका.

याचे गुण: खोल बैठक २, अडथळ्यावरून पाऊल १, लंज (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणे) १, खांदा २, सरळ पाय उचलणे २, दंड ३, हातापायांचा तोल २. बैठकीत टाचा उचलल्या जात होत्या, टाचांखाली फळी दिली तर नीट बसला. डाव्या पायावर उभा राहून दोरी ओलांडताना डगमगला, उजव्यावर पूर्ण ३. दोन बाजूंपैकी कमी तेच धरतात म्हणे.

एक सांगायचं राहिलं. दोन वर्षांपूर्वी मॅटवर त्याचा डावा घोटा मुरगळला होता. आंबेहळद-रक्तचंदनाचा लेप लावला आणि चौथ्या दिवशी सामना खेळला. खेळवला मीच.

शिबिराला तीन आठवडे आहेत. ऐकू कोणाचं, बीप टेस्टचं की या १३ चं?

मातीतला_गडी: आम्ही मातीत खेळायचो तेव्हा कसली स्क्रीन आणि कसलं काय. शंभर बैठका, शंभर दंड. बिनधास्त पाठवा.

सांधेजोड: गडीदादा, तुमच्यातले किती जण आज जिना न धरता उतरतात तेही लिहा की :)

धागाकर्ते, मी फिजिओथेरपिस्ट आहे. १४ चा आकडा २००७ च्या एका अभ्यासातून आला. अमेरिकन फुटबॉलच्या एका व्यावसायिक संघातले ४६ खेळाडू, एक हंगाम. त्यांना तीस सेकंद 'कबड्डी कबड्डी' म्हणत कोणाच्या अंगावर जायचं नव्हतं. पुढच्या अभ्यासांत ही रेषा फारशी टिकली नाही. त्यावरून कोणाला घरी बसवू नका.

पण १३ फाडून टाकण्याआधी आत बघा. बैठक, अडथळा, लंज: तिन्ही ठिकाणी तोच डावा घोटा आड आलेला दिसतोय. फळी दिल्यावर बसला, त्यावरूनच मला शंका आली. एकाच दोषाचे गुण तीनदा कापले गेले असावेत. आणि दम ही वेगळी गोष्ट. घोटा आखडलेला असला तरी माणूस बीप टेस्ट मारू शकतो. तसंच १७ गुण मिळाले म्हणून राखीव गड्याला दम येत नाही, तो पळूनच येतो.

आज दोन गोष्टी करा. त्याला भिंतीसमोर उभा करा, टाच जमिनीवर ठेवून गुडघा भिंतीला टेकवायला सांगा. पाऊल हळूहळू मागे घ्या. टाच उचलली न जाता जास्तीत जास्त जेवढं जमेल तेवढं अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. दोन्ही पाय. मग एका पायावर उडी मारून उतरताना समोरून मोबाईलवर शूट करा. सरावाआधी एकदा, आणि पूर्ण दमल्यावर पुन्हा. दमल्यावरचं विसरू नका. यात कुठेही दुखलं तर खेळ बंद, आधी तपासणी.

धागाकर्ता: मोजलं. उजवा ११ सेंटीमीटर, डावा ६. दुखत नाही म्हणतो, नुसतं 'आत काहीतरी अडतं'. सरावाआधी उडी सरळ होती. सरावानंतर डावा गुडघा प्रत्येक वेळी आत पडला. व्हिडिओ त्याला दाखवला तर म्हणतो, "दादा, म्हणून तर मी डाव्या पायावर बसतच नाही." जुने सामने काढून पाहिले. खरंच, दोन वर्षं हा सगळा भार उजव्यावर टाकून पकडीला जातोय. मैदानाशेजारी उभा राहून मला दिसलं नाही.

सांधेजोड: पाच सेंटीमीटर म्हणजे बराच फरक. प्रत्यक्ष तपासून घ्या, घोटा हाताने मोकळा करावा लागेल. सोबत पायरीवर टाचा खाली-वर, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, रोज. एका पायावर उतरायचा सराव आधी ताजा असताना, दमल्यावरचं नंतर. तीन आठवड्यांत ६ चे ११ होणार नाहीत, पण थोडा फरक पडेल.

धागाकर्ता: शिबिरातल्या प्रशिक्षकांना आधी सांगू का? भीती वाटते, नाव कापलं जाईल.

सांधेजोड: सांगा. ११ आणि ६ लिहून द्या, व्हिडिओ पाठवा. १३ लिहू नका.