घरच्या मैदानावर १०-१३ : काय बिघडलं?

३० नोव्हेंबर २०२४, कॉलेजचा अमेरिकन फुटबॉल, आमची ओहायो स्टेट विरुद्ध मिशिगन. वीसेक गुणांनी आपण जिंकू असा सगळ्यांचा होरा, आणि सलग चौथ्या वर्षी त्यांच्याकडूनच हार, तीही कोलंबसमध्ये. ‘कोच रायन डेला हाकला’ हे सगळ्यांचं बोलून झालंय. इथे चाहत्यांनी आपापल्या नावाखाली फक्त तपशील टाका.

लाइनवाला
ऑक्टोबरात ऑरेगनविरुद्ध आमच्या लाइनचा, म्हणजे पुढे उभं राहून अडवणाऱ्या रांगेचा, लेफ्ट टॅकल जॉश सिमन्सचा गुडघा गेला. नोव्हेंबरात सेंटर सेथ मॅक्लॉफ्लिनची टाचेची शीर तुटली. मग गार्ड डोनोव्हन जॅक्सन टॅकलवर सरकला, कार्सन हिन्झमन सेंटरवर. दोन माणसं गेली आणि लाइनची अख्खी डावी बाजू विस्कटली, कारण शेजारचा कुठे आणि कधी ढकलणार हे सवयीने कळतं, फळ्यावर शिकवून नाही. समोर मिशिगनचे मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट, दोघंही ३०० पौंडांच्या वर, दोघंही पुढच्या एप्रिलात एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत पहिल्या फेरीत गेले. आणि आम्ही रन, म्हणजे चेंडू घेऊन धाव, कुठून मारतोय? बरोबर मधून! २६ रन, ७७ यार्ड. चार डाउनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, दहा यार्ड काढायचे असतात; पहिल्या डाउनला दोन यार्ड मिळाले की उरले आठ. दुसऱ्यालाही तेच झालं, की तिसऱ्याला पास येणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. मिशिगनचा पास अडवणारा पहिला कॉर्नर विल जॉन्सन जखमी होऊन बाहेर, तरी आमचे पास झेलणारे जेरेमाया स्मिथ आणि एमेका इगबुका यांच्याकडे चेंडू वेळेवर जात नाही. याला हट्ट म्हणतात.

तिसरा डाउन
लाइनवाले, सगळं खापर रनवर नको. आमचा क्वार्टरबॅक विल हॉवर्डचे दोन पास मिशिगनने पकडले. पहिल्यानंतर मिशिगनला चेंडू थेट आमच्या गोलरेषेजवळ मिळाला आणि त्यांच्या कॅलेल मलिंग्जने टचडाउन केला. ते ७ गुण आयतेच दिले. दुसऱ्या हाफमध्ये आमचा भोपळा, त्यांचे फक्त ३.

किकबाज
३४ आणि ३८ यार्डांवरून आमचे दोन फील्ड गोल (खांबांमधून किक, ३ गुण) हुकले. किकचं अंतर म्हणजे चेंडू जिथे आहे ती रेषा अधिक १७ यार्ड : १० एंड झोनचे (गोलरेषेमागचा पट्टा), ७ स्नॅपचे (चेंडू मागे किकरकडे देतात ते). म्हणजे ३४ ची किक फक्त १७ यार्ड रेषेवरून. कॉलेजात मैदानातल्या दोन हॅश खुणांमध्ये (ज्यांच्या मधून प्रत्येक डाव सुरू होतो) ४० फूट अंतर, एनएफएलमध्ये साडेअठरा. गोलपोस्टची रुंदी मात्र दोन्हीकडे साडेअठरा फूटच. त्यामुळे कॉलेजच्या हॅशवरून मारताना किकर जवळच्या खांबाच्याही जवळपास ११ फूट बाहेर उभा असतो, आणि जितकं जवळ तितका कोन तिरका. त्यावर थंडी : घरात १३ पीएसआय दाबाने भरलेला चेंडू गोठणबिंदूखाली दोनेक पीएसआय उतरतो आणि दगडासारखा लागतो. पण कारण थंडीचं देऊ नका, त्याच मैदानावर मिशिगनच्या डॉमिनिक झ्वाडाने ५४ यार्डांवरून मारला. उपाय साधा आहे. तिसऱ्या डाउनचा रन मुद्दाम मधल्या बाजूला काढा, म्हणजे किक सरळ मिळते.

घड्याळ
२०२३ पासून कॉलेजात फर्स्ट डाउननंतर, म्हणजे दहा यार्ड पुरे झाल्यावर, घड्याळ थांबत नाही, फक्त प्रत्येक हाफच्या शेवटच्या दोन मिनिटांत थांबतं. रन मारणाऱ्या संघाला हा नियम सोन्याचा. मिशिगनने ४२ रन मारून १७२ यार्ड काढले, वेळ खाल्ला आणि ४५ सेकंद उरले असताना २१ यार्डांची किक मारली. झालं!

सी डेक
सामना संपल्यावर हरलेल्या बाजूने खाली मैदानाकडे बघत रेंगाळू नये. त्या दिवशी झेंडा रोवण्यावरून हाणामारी झाली, पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला, दोन्ही संघ ज्या बिग टेन कॉन्फरन्समध्ये आहेत तिने दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी १,००,००० डॉलर दंड केला. आणि अशा थंडीत पायाखाली पुठ्ठा ठेवा. काँक्रीट बुटाच्या तळातून गारवा चढवतं, मोज्यांच्या दोन जोड्याही कमी पडतात.

आठवा सीड
या हारीने बिग टेनची फायनल गेली. त्या मोसमात प्लेऑफमधले पहिले चार सीड (मानांकनं) फक्त कॉन्फरन्स विजेत्यांचे होते, म्हणून आम्हाला आठवा सीड आणि २१ डिसेंबरला टेनेसीशी सामना घरी. तिथे पास बाहेर फेकले : ४२-१७. २० जानेवारीला नोत्र दामवर ३४-२३, राष्ट्रीय विजेतेपद. म्हणून हरल्याच्या रात्री वैतागून पुढची तिकिटं विकायला काढू नका. टेनेसीच्या सामन्याला आपल्याच स्टँडमध्ये त्यांचे नारिंगी शर्ट किती होते, टीव्हीवर बघितलंत ना?