सांता फेचं सेंट जॉन्स कॉलेज: मुलीला पाठवावं का?

रंकाळा_काठ

नमस्कार. माझी मुलगी यंदा बारावी झाली, कोल्हापुरातच, सायन्सला. तिला अमेरिकेतल्या सेंट जॉन्स कॉलेजात प्रवेश मिळालाय, न्यू मेक्सिको राज्यात सांता फे नावाचं शहर आहे तिथे. आर्थिक मदतही बरीच देतायत. पण माहिती काढली तसतशी काळजी वाढत गेली. तिथे विषय निवडायचाच नसतो म्हणे. सगळ्यांनी चारही वर्षं तीच पुस्तकं वाचायची, टेबलाभोवती बसून त्यावर बोलायचं, आणि शेवटी सगळ्यांना एकच पदवी. तिचे बाबा म्हणतात, "पुस्तकं काय घरी बसून वाचता येत नाहीत?" मला उत्तर देता आलं नाही. मुलगी मात्र ठाम आहे. कुणी तिथे शिकलं असेल तर मनापासून सांगा. रोज नक्की काय करतात? आणि चार वर्षांनी हातात काय येतं?

ठाण्याचा_अभियंता

मी तिथे शिकलेलो नाही, पण अमेरिकेत राहतो, म्हणून व्हिसाबद्दल तेवढं सांगतो. विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर साधारण 12 महिने काम करता येतं. पदवी सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत बसत असेल तर आणखी 24 महिने मिळतात. या कॉलेजची पदवी त्या यादीत धरतात का, हे त्यांच्या ऑफिसकडून लेखी विचारून घ्या. तीन वर्षं नोकरी करून कर्ज फेडू असा हिशोब असेल तर सगळं यावरच अवलंबून आहे.

कृष्णाकाठची

ताई, मी तिथेच शिकले, सांता फेलाच. मूळची सांगलीची, आता पुण्याजवळ एका शाळेत गणित शिकवते.

तुमच्या यजमानांचा प्रश्न रास्त आहे, त्यापासूनच सुरू करते. पुस्तकं घरी वाचता येतात. पण घरी वाचताना न कळलेलं पान उलटून पुढे जाता येतं. तिथे तसं जाता येत नाही, कारण संध्याकाळी त्याच पानावर कुणीतरी बोट ठेवतं.

सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सेमिनार असतो. मोठ्या टेबलाभोवती वीसेक मुलं आणि दोन शिक्षक. त्यांना प्रोफेसर नाही, ट्यूटर म्हणतात. एक ट्यूटर सुरुवातीला एक प्रश्न टाकतात आणि मग बहुतेक वेळ ऐकत बसतात. पहिल्या वर्षाची सुरुवात होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्याने होते. आम्हाला विचारलं होतं, त्यातला योद्धा अकिलीस एवढा चिडलाय तो कशामुळे? मला वाटलं, यात विचारण्यासारखं काय आहे, त्याच्या वाट्याला आलेली बाई राजाने हिरावून घेतली, झालं. दोन तास बोललो आणि तेवढ्यात माझं ते उत्तर टिकेनासं झालं. अपमान बाईचा, त्याचा, की सगळ्या सैन्यासमोर झाला म्हणून जास्त? प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणायचं, "कुठल्या ओळीत आहे ते दाखवा." बाहेरचं टीकाकाराचं मत आणून टेबलावर ठेवलेलं तिथे चालत नाही. ओळ दाखवावी लागते.

वर्गात सगळे एकमेकांना मिस्टर-मिस लावून आडनावाने हाक मारतात, ट्यूटरसुद्धा विद्यार्थ्याला तसंच. सांगलीत सरांसमोर उभं राहून बोलायची सवय असलेल्या मला याचा फार आधार वाटला. पन्नाशीचे ट्यूटर आणि अठराची मी, दोघांनाही ओळ दाखवायचीच होती.

आता गणित, कारण माझं आयुष्य त्यानेच बदललं. पहिल्या वर्षी पाठ्यपुस्तक नाही, थेट युक्लिड, म्हणजे त्या प्राचीन ग्रीक गणितीचा भूमितीचा मूळ ग्रंथ. रोज कुणाला तरी फळ्यापाशी बोलावतात आणि हातात कागद न घेता सिद्धता मांडायला सांगतात. पायथागोरसचं प्रमेय मी दहावीत समरूप त्रिकोणांवरून शिकले होते. दोन गुणोत्तरं मांडायची, बेरीज करायची, सुटलं. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकात ते 47वं विधान आहे आणि तिथे गुणोत्तर वापरायला परवानगीच नाही, कारण प्रमाणाचा सिद्धान्त पाचव्या पुस्तकात येतो आणि समरूपता सहाव्यात. म्हणून तो बाजूंवर खरेखुरे चौरस उभे करतो आणि क्षेत्रफळं सरकवत नेतो. फळ्यापाशी उभं असताना मला पहिल्यांदा कळलं, की "सिद्ध झालं" म्हणजे आधी काय काय मान्य केलंय याचा पूर्ण हिशोब. त्यानंतर टॉलेमी, कोपर्निकस, अपोलोनियस, न्यूटन असं करत चौथ्या वर्षी लोबाचेव्हस्की आणि आइन्स्टाइनपर्यंत जातात. सूर्य पृथ्वीभोवती फिरतो असं धरून टॉलेमीने मांडलेलं गणित आधी स्वतः करायचं, आणि मग कोपर्निकस. ते चुकीचं आहे हे माहीत असूनही ते किती नेमकं बसतं हे हाताने करून पाहिलं, की विज्ञानाकडे बघायची नजर वेगळी होते. आज मी आठवीच्या मुलांना "हे असंच असतं" म्हणून काहीही सांगत नाही, ते तिथलं.

दोन वर्षं ग्रीक, दोन वर्षं फ्रेंच. तीन वर्षं प्रयोगशाळा. दुसऱ्या वर्षी संगीत. हे सगळं सगळ्यांना. ट्यूटरनाही हळूहळू सगळे वर्ग घ्यावे लागतात, म्हणजे तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केलेली बाई तुमच्याबरोबर युक्लिड शिकत असते. मुलीने दहावीला संस्कृत घेतलं असेल तर तिला ग्रीकचं भय वाटणार नाही. द्विवचन तिथे आहे, आत्मनेपदासारखा प्रयोग आहे, क्रियापदं चालवायची सवय तर आपल्याला असतेच. वर्गातल्या बाकीच्यांना द्विवचन म्हणजे काय हे समजावून सांगायची वेळ माझ्यावर आली होती.

परीक्षेबद्दल. ग्रेड असतात, पण मागितल्याशिवाय दाखवत नाहीत. त्याऐवजी सत्राच्या शेवटी तुमचे सगळे ट्यूटर एकत्र बसतात आणि तुमच्याच समोर, तुम्ही तिथे नसल्यासारखं, तुमच्याबद्दल आपसात बोलतात. "मिस अमुक लक्ष देऊन ऐकतात, पण मत बनवायची घाई करतात." शेवटी तुम्हाला बोलायची संधी. तिथे याला डॉन रॅग म्हणतात. मार्कशीटपेक्षा मला ते कितीतरी कठीण गेलं आणि कितीतरी उपयोगी पडलं. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला पुढच्या वर्षात जाऊ द्यायचं की नाही हे ट्यूटर ठरवतात, आणि त्या वर्षीच्या निबंधाला त्यात मोठं वजन असतं. चौथ्या वर्षी मोठा निबंध आणि त्यावर सगळ्यांसमोर तोंडी परीक्षा.

हे नवीन खूळ नाही, एवढं यजमानांना जरूर सांगा. मेरीलँड राज्यातल्या अॅनापोलिसचं मूळ कॉलेज आपली सुरुवात 1696 सालच्या शाळेपर्यंत मागे नेतं, 1784 मध्ये त्याला सनद मिळाली. कॉलेज बुडायला आलं असताना 1937 मध्ये स्ट्रिंगफेलो बार आणि स्कॉट ब्यूकॅनन या दोन शिक्षणतज्ज्ञांनी हा अभ्यासक्रम सुरू केला. सांता फेची शाखा 1964 ची.

हातात काय येतं? थेट नोकरी नाही, हे धरूनच चाला. माझ्याबरोबरचे बरेच जण कायद्याकडे आणि शिक्षकीकडे गेले. डॉक्टर व्हायचं असेल तर रसायन, जीवशास्त्राचे कोर्स नंतर वेगळे करावे लागतात. भारतात परतून पुढे शिकायचं असेल तर पदवीची समकक्षता घ्यावी लागते, ते नियम आत्ताच बघून ठेवा. सुट्ट्यांमध्ये कामाचा अनुभव तिने स्वतः शोधायचा, अगदी पहिल्या उन्हाळ्यापासून. आणि एक महत्त्वाचं: दुसऱ्या कॉलेजातून कुणी गेलं तरी तिथे पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते, म्हणून "एक वर्ष इकडे काढून मग बघू" असा विचार असेल तर तो सोडा.

देवगिरी

सगळं वाचलं, छान लिहिलंय. पण एक प्रश्न मनातून जात नाही. आपल्या मुलीने होमर, प्लेटो, दांते यांना चार वर्षं द्यायची आणि ज्ञानेश्वरी, उपनिषदं, महाभारत यांचं काय? तिथे ती कुणाच्या परंपरेत मोठी होणार?

कृष्णाकाठची

हा प्रश्न मी तिथे असताना रोज विचारत होते, आणि टेबलावरही विचारला. पदवीची यादी पाश्चात्त्यच आहे, त्यात दुमत नाही. सांता फेला पौर्वात्य ग्रंथांचा एमए आहे, त्यात संस्कृत किंवा अभिजात चिनी शिकावं लागतं, पण तो पदवीनंतर. मला ही उणीव वाटते आणि ती तशीच सांगायला हवी.

पण माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते. आमच्या घरी ज्ञानेश्वरी होती, लाल कापडात बांधलेली. आजी पारायण करायची, मी नमस्कार करायचे. दुसऱ्या उन्हाळ्यात घरी आले आणि पहिल्यांदा ती उघडून बसले, एका ओवीवर थांबत, "कुठे म्हटलंय, दाखवा" असं स्वतःलाच विचारत. आजीलाही विचारू लागले. ती खूश झाली, कारण तिच्याकडे उत्तरं होती आणि तोवर कुणी प्रश्नच विचारला नव्हता. वाचायची ती पद्धत मला इकडे कुठल्याच वर्गात मिळाली नव्हती.

रंकाळा_काठ

तुमचं उत्तर यांना मोठ्याने वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, युक्लिडचं ते परत वाच. आता माझे साधे प्रश्न. ती मुळात अबोल आहे, वर्गात गप्प बसली तर? आणि थंडी, जेवण? आम्ही शाकाहारी आहोत.

कृष्णाकाठची

अबोल असणं अडत नाही. आमच्या सेमिनारमध्ये सगळ्यात मान असलेली मुलगी तासाभरात एखाद-दोनदाच बोलायची, पण बोलली की सगळे पान उलटून मागे जायचे. कठीण जातं ते चुकीचं बोलायची लाज वाटणाऱ्यांना. त्याची परीक्षा घरीच घेता येईल. तिला युक्लिडचं पहिल्या पुस्तकातलं पाचवं विधान द्या, समद्विभुज त्रिकोणाचं, आणि पाठ न करता तुम्हा दोघांना समजावून सांगू दे. बाबांनी मध्ये मध्ये "हे कशावरून?" विचारायचं. अडल्यावर तिचे डोळे चमकले तर पाठवा. रडकुंडीला आली तर अजून वेळ आहे, नीट बोला.

सांता फे जवळपास सात हजार फुटांवर आहे, हिवाळ्यात बर्फ पडतं, पण ऊनही खणखणीत असतं. पहिले काही दिवस चढावर दम लागतो, पाणी भरपूर प्यायला सांगा. तिथलं जेवण राजम्यासारख्या बीन्सचं, मक्याच्या भाकरीचं आणि हिरव्या मिरचीचं आहे, कोल्हापूरच्या मुलीला जड जाणार नाही. फक्त बीन्समध्ये चरबी घातलीय का ते दर वेळी विचारायचं. मेतकूट आणि गोडा मसाला बरोबर द्या.

आणि जायच्या आधी तिला ग्रीक अक्षरं गिरवून घ्यायला सांगा, मोठी आणि लहान दोन्ही. काही अडलं तर मला इथेच लिहू दे.