डॉक्टरांची साक्ष आधी की प्रत्यक्षदर्शींची?

प्रश्न: नवा_वकील, नाशिक
सत्र न्यायालयात खुनाचा खटला आहे, हत्यार कोयता. सरकार पक्षाच्या यादीत शवविच्छेदन करणारे डॉक्टर पहिले आणि प्रत्यक्षदर्शी नंतर आहेत. यात आरोपीचं नुकसान आहे का? अर्ज कधी द्यायचा?

सीबीएस_चौक
साक्षीदार कोणत्या क्रमाने आणायचे हे सहसा सरकार पक्षच ठरवतो. आपल्याकडे ज्युरी नाही, त्यामुळे ‘पहिली छाप’ हा मुद्दा फारसा चालत नाही. खरा धोका वेगळाच. उलटतपासणीत तुम्ही जखमेच्या कडा, खोली, वाराची दिशा आणि पोटातलं अन्न यावर विचारणार. बचावाचा रोख तिथेच उघडा पडतो. मग प्रत्यक्षदर्शी जखमांना जुळतील तेवढेच वार सांगून मोकळा.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५४(३) खाली डॉक्टरांची उलटतपासणी पुढे ढकलायचा अर्ज द्या, शक्यतो साक्षींचं वेळापत्रक ठरायच्या आधी. ‘बचाव उघड होईल’ एवढंच लिहून भागत नाही. केरळ राज्य विरुद्ध रशीद (२०१८) हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. कोणत्या जखमेवर, कोणत्या साक्षीदाराशी विसंगती दिसते, ते नेमकं मांडा.

मुद्देमाल
कोयता डॉक्टरांना दाखवलाय का, हे आधी बघा. हत्यार वैद्यकीय साक्षीदाराला दाखवणं हे सरकार पक्षाचं काम, असं ईश्वर सिंग (१९७६) निकालात आहे. डॉक्टर आधी आले की जप्ती अजून शाबीत झालेली नसते. पुढे पंच फितूर झाले तर ‘या हत्याराने जखम शक्य’ हे मत अधांतरी राहतं. दाखवला नसेल तर गप्प बसा! ती पोकळी उलटतपासणीत स्वतः प्रश्न विचारून भरणारे वकील काही कमी नाहीत.

सीए_रिपोर्ट
रासायनिक विश्लेषकाचा अहवाल त्याच संहितेच्या कलम ३२९ खाली साक्षीदाराशिवाय वाचला जातो. शवविच्छेदनाचे डॉक्टर त्यात बसत नाहीत. अहवालावर वाद असेल तर कलम ३३० खाली लेखी हरकत घ्या, मुदत प्रत मिळाल्यापासून ३० दिवस. अहवाल वादग्रस्त नसेल तर तज्ज्ञाला बोलावलंच जात नाही.

अहवाल कलम ३५१ च्या (न्यायालय आरोपीला पुराव्यावर विचारतं त्या) जबाबानंतर आला तर पुरवणी जबाब घेऊन तो आरोपीपुढे ठेवायला लावा. डीएनए असेल तर प्रयोगशाळेच्या कामाच्या नोंदी मागवा: घटनास्थळाच्या नमुन्याचं वाचन आरोपीच्या नमुन्याआधी झालं की नंतर, हे तारखांवरून कळतं. मिश्र किंवा अर्धवट नमुन्यात आधी आरोपीचा प्रोफाइल पाहिला की पुसट खुणाही त्याच्याच वाटू लागतात.