मदत हवी आहे: परिषदेसाठी प्रवास अनुदान

नमस्कार मंडळी. टायटॅनियमच्या मिलिंगमध्ये (फिरत्या कटरने धातू कापताना) टूल कसं झिजतं, यावरचा माझा पहिलाच पेपर एनएएमआरसी, म्हणजे उत्पादन तंत्रज्ञानावरच्या नॉर्थ अमेरिकन मॅन्युफॅक्चरिंग रिसर्च कॉन्फरन्समध्ये स्वीकारला गेलाय. विद्यार्थ्यांना या परिषदेला येता यावं म्हणून अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने याआधी अनुदान दिलेलं आहे, म्हणून अर्ज करतोय. अडचण वेगळीच आहे. अशा अनुदानांत बहुतेकदा खर्च आधी स्वतः करायचा आणि पावत्या दिल्यावर पैसे परत मिळतात. नोंदणी, विमान, राहणं, एवढं सगळं एकदम स्टायपेंडमधून कसं भरायचं? विभागाकडून कुणी आगाऊ रक्कम घेतली आहे का? कुणाकडे मागितलीत?

शिवाय अर्जात संशोधनावर भर द्यावा, की तिथे कुणाला भेटून काय शिकायचंय यावर? मला दुसरं महत्त्वाचं वाटतं, गाइड पहिल्यावर ठाम आहेत. अनुदान मिळालेल्यांनी कृपया सांगा.