शिक्षा, दंड, वळण, संगोपन : अर्थच्छटा आणि वापर

विचारणा : मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे सजा, हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. शब्द एकच. परवा मुलांना मारण्यावरून वाद चालला होता, त्यात एकांनी सांगितलं, “शिक्षा या शब्दातच शिकणं आहे. शिक्षेवाचून मूल शिकत नाही हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं.” व्युत्पत्तीवरून असं म्हणता येतं का? आणि संगोपन, संस्कार, वळण हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का?

प्रतिसाद : म्हणता येत नाही. ‘शिक्ष्’ हा धातू ‘शक्’चं इच्छादर्शक रूप समजला जातो. अंगी सामर्थ्य यावं ही इच्छा, त्यातून शिकणं. सहा वेदांगांपैकी एकाचं नाव शिक्षा आहे आणि त्याचा विषय आहे उच्चार. तैत्तिरीय उपनिषदाच्या पहिल्या भागाला शीक्षावल्ली म्हणतात. अध्ययन संपवून निघालेल्या शिष्याला ‘सत्यं वद, धर्मं चर’ असं सांगणारा आचार्य तिथेच भेटतो. तोच आचार्य पुढे म्हणतो की आमची जी चांगली आचरणं असतील तेवढीच तू उचल, बाकीची नको. शिकवणाऱ्याने स्वतःलाही तपासणीखाली ठेवावं, असा हा उपदेश आहे. पूर्वजांचा दाखला द्यायचाच असेल तर तो इथून द्यावा.

सजेचा अर्थ या शब्दाला नंतर चिकटला, आणि असं काही आपल्याकडेच झालेलं नाही. ग्रीक ‘पायडेया’ हा मूल या अर्थाच्या शब्दापासून झाला. मुलाला वाढवणं, घडवणं असा त्याचा अर्थ. बायबलच्या नव्या करारात तो ताडनाकडे झुकलेला दिसतो. अरबीत ‘अदब’पासून ‘तादीब’ झाला, आणि त्यात रीत शिकवणं आणि शासन करणं दोन्ही येतं. इतक्या दूरदूरच्या भाषांत एकच घसरण का व्हावी? मला वाटतं, शिकवणाऱ्याच्या हातात बराच काळ काठी होती, म्हणून शिकण्याचं नाव काठीलाही पडलं. यावरून जुनी सवय कळते. ती सवय बरोबर होती, हे त्यावरून ठरत नाही.

‘दंड’ त्या मानाने सरळ शब्द आहे. मूळ अर्थच काठी. राजाच्या हातातली काठी ती राजाची सत्ता, आणि तिच्यावरून दंडनीती. आज बोलण्यात दंड म्हणजे पैशांचा भुर्दंड, कायद्यात त्याला ‘द्रव्यदंड’ म्हणतात.

आता वळण. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. अक्षराला वळण असतं, वेलीला वळण देतात, मुलाला वळण लावतात. वाढ वेलीची स्वतःची असते, आपण फक्त दिशा देतो, आणि तीही कोवळेपणी, हलक्या हाताने. ‘संगोपन’मध्ये ‘गुप्’ धातू आहे, राखणं, जपणं. म्हणजे संगोपनात जपण्यावर भर, वळणात दिशेवर. ‘संस्कार’ कोणी हेतुपुरस्सर करतो तसा नकळतही होतो. आपण चिडून दार आपटतो, तोही घरातल्या मुलावर संस्कारच. त्यामुळे हे तीन शब्द एकमेकांच्या जागी घालू नयेत.

आणखी एक मत : पण थोडा धाक हवाच ना? ‘धाक’ म्हणजे मार नव्हे.

प्रतिसाद : खरं आहे, मार नव्हे. पण धाक, वचक, जरब, दरारा हे सगळे शब्द वरच्या माणसाकडे बघतात. धाक असतो कोणाचा तरी, आणि तो माणूस खोलीबाहेर गेला की धाकही जातो. रागावणं, दटावणं, समज देणं, कानउघाडणी या क्रियांचं तसं नाही. त्यांत बोलणं आहे, मूल ऐकतं, उलट विचारू शकतं. आपल्या भाषेत गप्प बसणं आणि मारणं यांच्यामध्ये एवढे शब्द असताना आपण थेट ‘शिक्षा’वर का उडी घेतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

श्रद्धेच्या बाजूने एकच शब्द सुचवतो : ‘व्यंकटी’. गीतेत अवताराचं प्रयोजन सांगताना ‘विनाशाय च दुष्कृताम्’ येतं. त्याच गीतेवर भाष्य लिहून संपवताना ज्ञानेश्वर मागतात, ‘जे खळांची व्यंकटी सांडो’. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. खळ राहावा, वाकडेपणा जावा. आणि मागणं तिथे थांबत नाही, ‘तया सत्कर्मी रती वाढो’ असं लगेच पुढे येतं. वाकडेपणा गेल्यावर तिथे काय वाढावं, हेही सांगितलं आहे. मी पाहिलेल्या शिक्षांमध्ये नेमकं हेच राहून जातं. काय करू नये ते मुलाला कळतं, काय करावं ते कोणी सांगत नाही.

कायद्याची भाषाही सरकते आहे. भारतीय दंड संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. नावातला दंड गेला, आतली शिक्षा अर्थातच आहे, पण किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवा हा शिक्षेचा नवा प्रकारही आला. मुलांच्या बाबतीत बदल जास्त खोल आहे. 2015च्या बाल न्याय कायद्यात कलंक लावणारे शब्द टाळावेत हे तत्त्व म्हणूनच नोंदलं आहे. ‘बालगुन्हेगार’ऐवजी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. शब्द जड आहे, तोंडात बसत नाही, तरी मी तो वापरतो. गुन्हेगार म्हटलं की मूल संपतं, संघर्ष म्हटलं की तो मिटू शकतो.

पहिली विचारणा करणारे पुन्हा : मग घरात ‘शिक्षा’ऐवजी ‘परिणाम’ म्हणावं का? हल्ली तसं ऐकू येतं.

प्रतिसाद : गोष्ट बदलली असेल तरच. पाणी सांडलं आणि मुलाने ते पुसलं, हा परिणाम. पाणी सांडलं म्हणून खेळायला बंदी, ही शिक्षा. तिला परिणाम म्हणू नये. मुलाला फरक बरोबर कळतो, आणि पुढे त्या शब्दावरचाही त्याचा विश्वास उडतो.