पद्मिनीच्या वायरिंगला हिरवा काट चढलाय, घासू की सगळं बदलू?

पद्मिनी_कारेलीबाग
नमस्कार मंडळी. बाबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आता माझ्याकडे आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा गाडी सीटच्या खालपर्यंत बुडाली होती. गाळ काढला, ऑइल बदललं, इंजिन लागलं, आम्ही खूश. पण या पावसाळ्यापासून हेडलाइट पिवळे आणि मंद झालेत, आणि मागे उजव्या बाजूला ब्रेक दाबला की इंडिकेटर लुकलुकायचाच थांबतो. काल बल्ब काढून बघितला तर होल्डरमध्ये हिरवा काट, फ्यूजच्या क्लिपाही तशाच. वायरिंगवाला म्हणतो सगळी वायरिंग नवीन टाका. मला ते नकोय, बाबांनी स्वतः गुंडाळलेल्या टेपा आहेत त्यावर. आई म्हणते पितळच आहे ना, चिंच-मीठ लाव. पॉलिश पेपर मारू का? वडोदऱ्यात कोणी हे स्वतः केलंय का?

डायनॅमो_काका
अरे थांब, पेपर मारू नकोस. आधी आईंचं सांगतो, त्यांचं अर्धं बरोबर आहे. चिंचेतलं आम्ल काट खातं म्हणूनच पितळेची भांडी उजळतात, पण मीठ मात्र वायरिंगजवळ आणायचं नाही, क्लिपच्या फटीत जरासं राहिलं तरी पुढच्या दमट हवेत तेच परत काट आणतं. आणि पेपर का नको, तर कल्हई आठव. पितळी पातेल्यात ताक कळकतं, कल्हई असेल तर कळकत नाही. कनेक्टरच्या पितळेवरही बऱ्याच वेळा कथिलाचा तसाच पातळ थर असतो. पेपरने तो गेला की आज चकाचक आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट हिरवं.

मी करतो ते असं. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची आणि बसवताना सगळ्यात शेवटी लावायची, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी नाही. मग कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि जुना टूथब्रश. त्याने निघालं नाही तर सुटा होणारा भाग काढून लिंबाच्या फुलाच्या (सायट्रिक ॲसिडच्या) कोमट पाण्यात १० मिनिटं, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, आणि पूर्ण वाळवायचं. बोअरचं पाणी नको, त्यातही क्षार असतात. आणि तुझा ब्रेक-इंडिकेटरचा घोळ, तो बहुतेक अर्थिंगचा आहे. करंटला बॉडीत उतरायची सरळ वाट मिळत नाही म्हणून तो शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो. लॅम्प ज्या बोल्टने बॉडीला बसतो त्याच्याखाली बघ, गाळ आणि गंज सापडेल. गंजलेल्या पत्र्याला मात्र पेपर चालतो, तिथे कल्हई नसते, उलट बोल्टखाली लखलखीत पत्राच लागला पाहिजे.

पद्मिनी_कारेलीबाग
काका खूप आभार, कल्हईचं आईला वाचून दाखवलं. पण सगळ्या ३०-४० जोडण्या उघडायच्या का? कुठली खराब हे कळणार कसं?

डायनॅमो_काका
सगळ्या उघडू नकोस, जुन्या क्लिपा उगाच सैल होतात. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेव, ब्रेक कोणालातरी दाबून धरायला सांग, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर आणि दुसरं त्या लॅम्पच्या होल्डरच्या धातूवर. लाइट चालू असतानाच मोजायचं, बंद असताना सगळं छानच दिसतं. ०.२ व्होल्टच्या वर आलं तर अर्थिंग खराब. तसंच पॉझिटिव्हच्या बाजूलाही फ्यूजच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोज. हे व्होल्ट किरकोळ वाटतात पण बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड साधारण ३० टक्के कमी होतो, तुझे हेडलाइट पिवळे पडलेत ते त्यामुळे असू शकतं.

अँबी_मार्क३_दांडियाबाजार
मी तर बसवायच्या आधी सगळीकडे व्हॅसलीन फासतो, वडिलांपासूनची पद्धत, काही झालं नाही आजवर. एक मात्र मनापासून सांगतो, बाथरूमचं सिलिकॉन लावू नका. मी अँबेसडरच्या मागच्या बुलेट कनेक्टरांवर (वायरी जोडायच्या गोळीच्या आकाराच्या टोकांवर) पाणी जाऊ नये म्हणून ते भरलं होतं, सहा महिन्यांनी उघडलं तर आत हिरवंगार, वायर हातात तुटून आली. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं, तांब्याला तेच खातं. दोन दिवसांची मेहनत आणि बुलेट नव्याने लावायचा खर्च, फार वाईट वाटलं होतं.

डायनॅमो_काका
व्हॅसलीन बॅटरीच्या टर्मिनलला ठीक आहे, पण आपल्या मे महिन्यात बॉनेटखाली ते पातळ होऊन ओघळतं, आणि धूळ धरतं. कनेक्टरला डायलेक्ट्रिक ग्रीस घ्यावं. ते वीज नेत नाही, म्हणून बरेच लोक घाबरतात, पण जोडणी घट्ट असेल तर धातू धातूला टेकताना ग्रीस बाजूला सरतं आणि उरलेल्या फटी भरतं, हवा-पाणी आत जात नाही. म्हणजे खरी मदार घट्टपणावर, सैल क्लिपला ग्रीस लावून काही होत नाही, ती आधी पक्कडने हलकी दाबायची. फक्त स्विचच्या आत आणि डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटवर हे सिलिकॉनचं ग्रीस नको, ठिणगीने त्याचा वीज न नेणारा थर बनतो.

बडोदा_ते_इंदूर
एक राहिलं. पुरात भिजलेल्या गाडीत वायरचं टोक सोलून बघ. तांबं आतून काळं असेल तर पाणी वातीतल्या तेलासारखं वर चढलंय, कितीही घासलं तरी नवा थिंबल (वायरच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) टिकणार नाही. चमकदार तांबं लागेपर्यंत कापत जा, कमी पडलं तर तेवढाच तुकडा जोड. जोड नीट क्रिम्प करून (पक्कडने दाबून) वरून गोंदवाली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी), नुसतं सोल्डर केलं की ते वायरीत चढतं आणि तिथे ती ताठ होऊन हादऱ्याने तुटते. इंजिन ते बॉडीची अर्थची पट्टीही बघ, ती तुटली तर स्टार्टरचा करंट चोकच्या केबलमधून फिरतो, केबल गरम लागली तर समज.

पद्मिनी_कारेलीबाग
रविवारी बसलो. उजवा लॅम्प मोजला तर १.३ व्होल्ट! बोल्टखाली सुकलेला चिखल अजूनही होता, विश्वामित्रीचाच. पत्रा घासला, क्लिपा लिंबाच्या फुलाने, बोल्ट आवळला आणि बाहेरून ग्रीस लावलं, आता ०.०७. ब्रेक दाबला तरी इंडिकेटर नीट लुकलुकतोय. दोन वायरी आतून काळ्या निघाल्या, प्रत्येकी बोटभर कापून जोडल्या. बाबांच्या टेपा एकही काढाव्या लागल्या नाहीत. हेडलाइटचं पुढच्या रविवारी, मोजून लिहितो.