झाडातला कार्बन कशाने घटतो: जंगलाच्या कडेने की डोंगराच्या उंचीने?

रानवाट
'उंचीवर कार्बन कमी' असं लिहून सह्याद्रीचे अहवाल मोकळे होतात. मला हे पटत नाही. खरा फटका कडेला बसतो. ब्राझीलमध्ये मनौसजवळ १९७९ पासून चाललेल्या प्रयोगात जंगलाचे तुकडे सुटे केले, तेव्हा कडेपासून १०० मीटरच्या आत जिवंत झाडांचं वजन झपाट्याने घटलं. वारा, कोरडी हवा, वेलींचा भार यांनी जाड झाडं आधी मेली. कार्बन त्यांच्याच बुंध्यात असतो. एक गेलं की शंभर रोपांनी भरपाई होत नाही.

जांभा
मनौसला डोंगर नाहीत हो! महाबळेश्वरच्या पठारावर कडेपासून कितीही आत जा, झाड खुजंच. झाडाच्या मापांवरून वजन काढायचं २०१४ चं चावे यांचं सूत्र लावा: वजन (किलो) = ०.०६७३ × (लाकडाची घनता × व्यासाचा वर्ग × झाडाची उंची), कंसाचा घातांक ०.९७६. घेर १५७ सेंमी म्हणजे व्यास ५० सेंमी, घनता ०.६ (ग्रॅम प्रति घन सेंमी). झाड २५ मीटर उंच असेल तर १,९६० किलो, १२ मीटर असेल तर ९६०. यांना ०.४७ ने गुणलं की कार्बन: ९२० आणि ४५० किलो. घेर तोच, कार्बन निम्मा. यात कड कुठे आली?

रानवाट
पठारावरचं खुजं झाड म्हणजे अंजनी. ५० सेंमी व्यासाची अंजनी दाखवा आधी! शिवाय तिचं लाकूड जड. घनता ०.८ धरली तर तुमचे ९६० चे १,२७० होतात. आणि झाड खुजं राहतं ते पातळ माती आणि पावसाळी वाऱ्यामुळे. थंडीने खुजं व्हावं एवढी आपल्या डोंगरांची उंचीच नाही, कळसूबाई १,६४६ मीटर. आफ्रिकेतल्या डोंगरी जंगलांच्या २०२१ च्या अभ्यासात सरासरी हेक्टरी १४९ टन कार्बन निघाला, तिथल्या सखल जंगलांच्या तोडीचा.

घेरटेप
भांडण नंतर, आधी प्लॉट (झाडं मोजायला आखलेले तुकडे) तपासा. ३० अंशांच्या उतारावर २० × ५० मीटरचा प्लॉट, लांब बाजू चढाच्या दिशेने, टेप जमिनीला टेकवून आखला, तर आडवी लांबी ४३.३ मीटरच भरते. भागायला मात्र ०.१ हेक्टर घेतात, म्हणजे कार्बन १३ टक्के कमी दिसतो. चढाचे प्लॉट बहुधा उंचावर, म्हणून दोष उंचीच्या माथी. टेप ५७.७ मीटर सोडा किंवा आडवा ताणून पायऱ्यापायऱ्यांनी मोजा.

दुसरी गफलत मोठी आहे. आपल्याकडे गाव पायथ्याला आणि उरलेलं जंगल तीव्र उतारावर, त्यामुळे 'आतला' प्लॉट हाच 'वरचा' प्लॉट ठरतो. दोन्ही कारणं एकमेकांत मिसळतात. एकाच समोच्च रेषेवर (म्हणजे सारख्याच उंचीवर) कडेचा आणि आतला अशी जोडी घ्या, उताराची दिशाही तीच ठेवा. कडेपासूनचं अंतर टेपनेच मोजा, झाडोऱ्याखाली जीपीएस ५-१० मीटर सहज चुकतो.

जांभा
जोडीचं मान्य. पण रानवाट, भीमाशंकरकडच्या एकदोन एकरांच्या देवराया म्हणजे नुसती कडच की. तरी बेहडा, आंबा कवेत मावत नाहीत. वारा तिथेही आहेच. नाही तो कोयता.

रानवाट
कोयता आणि राबाची (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची) आग कडेनेच आत शिरतात, म्हणून तर मी कड म्हणतोय. वाऱ्याचा वाटा आपल्याकडे कमी असेल, एवढं सोडतो. मग प्रत्येक प्लॉटमध्ये तोडलेली खुंटं आणि होरपळलेल्या साली वेगळ्या मोजा. सड्याची (उघड्या खडकाळ पठाराची) किंवा कड्याची नैसर्गिक कड आणि रस्त्याची, शेताची कड एका रकान्यात घालू नका.